लाल बसचा केक पाकिटातून होईल का?

ताई, नमस्कार.
आम्ही वारज्यात राहतो. मुलीचा पाचवा वाढदिवस मे महिन्यात, गुरुवारी येतोय. बायको नर्स आहे, त्या आठवड्यात तिला दिवसपाळी आहे आणि सुट्टी मिळणार नाही. म्हणून या वेळी केक मी करायचं ठरवलंय. मुलीला चॉकलेटचा आणि लाल बसच्या आकाराचाच हवाय, कारण दर रविवारी मी तिला वारजे माळवाडीहून मनपापर्यंत बसने फिरवून आणतो. मला रोजचा स्वयंपाक येतो, पण केक कधी केलेला नाही, त्यामुळे तयार केक मिक्सचं पाकीट आणून करणार आहे. आई अंडं खात नाही आणि नातीच्या केकचा तुकडा तिला खायचाच आहे. घरात छोटा ओटीजी, म्हणजे विजेवरचा ओव्हन आहे, त्यात आजवर टोस्ट आणि पिझ्झाच झालाय. पंचवीसेक माणसं येतील, त्यात पंधरा मुलं. दुकानात इतक्या प्रकारची पाकिटं आहेत की कुठलं घ्यावं कळत नाही. व्हिडिओत कुणी दही घाला म्हणतं, कुणी इनो, कुणी तेलाऐवजी बटर. त्यात वहिनी म्हणाली, ‘पाकिटातला केक म्हणजे विकतचाच की. त्यापेक्षा सरळ बेकरीतून आणा.’ ते मनाला लागलंय. खरंच बेकरीतूनच आणू का?
— एक बाबा, वारजे

नमस्कार बाबा,

बेकरीतून आणू नका. केक तुम्हीच करा, आणि पाकिटातूनच करा.

वहिनींचं आधी बोलते, कारण ते मनात घेऊन ओटीजीसमोर उभं राहू नये. पुण्यात दिवाळीला चितळ्यांचं गुलाबजाम मिक्स किती घरांत येतं! ते मळून, गोळे करून, मंद आचेवर तळून, पाकात सोडून वाढलेल्या गुलाबजामांना कुणी विकतचे म्हणत नाही. केकच्या पाकिटात याहून वेगळं काही नसतं. मैदा, साखर, कोको, फुगण्यासाठी सोडा आणि त्याला जुळणारं आम्ल, हे सगळं मोजून एकत्र केलेलं असतं. पहिल्यांदा करणाऱ्याचा केक बहुतेक वेळा मापात बिघडतो. तो भाग तुमच्यासाठी आधीच झालाय. उरतात ते ओले पदार्थ, आच, वेळ आणि वरची सजावट, आणि चव तिथेच ठरते.

पाकिटात आपल्या हातचं काही घालायची ओढही पाकिटाइतकीच जुनी आहे. अमेरिकेत पिट्सबर्गच्या पी. डफ अँड सन्स या कंपनीकडे उसाच्या मळीचा साठा फार झाला होता. ती मळी पिठात वाळवून त्यांनी नुसतं पाणी घालून करायच्या केकचं मिश्रण तयार केलं आणि १९३३ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. त्यात अंड्याची पावडरही होती. दोनच वर्षांनी, १९३५ मध्ये, त्यांनी दुसरं पेटंट घेतलं. त्यात अंड्याची पावडर काढून टाकली होती, कारण बायकांना ताजं अंडं स्वतः फोडून घालणं जास्त आवडतं हे त्यांच्या लक्षात आलं होतं. तेव्हा तुम्ही त्यात दूध, दही, कॉफी घालणार असाल तर ते रीतीला धरूनच आहे.

आता पाकीट निवडायचं कसं. तुमच्या आईंसाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही, की नुसता हिरवा ठिपका बघून पाकीट उचलू नका. ठिपका आतल्या पावडरीपुरता असतो. पावडरीत अंडं नसलं की हिरवा ठिपका येतो, पण त्याच पाकिटाच्या मागे कृतीत ‘तीन अंडी घाला’ असं लिहिलेलं असू शकतं. तसं पाकीट आणून अंडी गाळलीत तर केक भुसभुशीत होऊन सुरीखाली तुटेल, कारण त्याचा सगळा बांधा अंड्यांवर बेतलेला असतो. म्हणून पुढे ‘एगलेस’ लिहिलेलं आहे ना ते बघा आणि पाकीट उलटं करून कृती वाचा. त्यात फक्त तेल आणि पाणी किंवा दूध असेल तरच घ्या.

पाकीट हातात आहेच तर घटकांची यादीही वाचा. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने देतात, जे सर्वात जास्त ते आधी. बहुतेक पाकिटांत पहिल्या नंबरवर साखर असते. त्याने घाबरू नका, फक्त एवढं ठरवून टाका की आपण वरून साखर घालायची नाही आणि वरचा थरही फार गोड करायचा नाही. कोको किती मागे आहे तेही बघा. दोन पाकिटांत एकात कोको तेलाच्या आधी आणि दुसऱ्यात रंग-स्वादाच्या शेजारी असेल, तर पहिलं घ्या, दहा-वीस रुपये जास्त गेले तरी. यादीत घटकांचे आयएनएस क्रमांक असतात. ‘आयएनएस ५००’ दिसेल, तो आपला खायचा सोडाच. ‘४५०’ हे त्याला जुळणारं आम्ल आणि ‘४७१’ तेल-पाणी एकजीव ठेवणारा पदार्थ. नुसते आकडे बघून पाकीट परत ठेवायचं कारण नाही.

तारीख मात्र नीट बघा. मुदत संपत आलेल्या पाकिटातला सोडा कमजोर झालेला असतो आणि केक बसका होतो. शंका आली तर चमचाभर पावडर गरम पाण्यात टाका. लगेच बुडबुडे आले तर ठीक. परदेशी पाकिटं इकडे मोठ्या दुकानांत मिळतात, पण पहिल्या केकला ती नकोत. त्यांच्या कृती बहुधा अंड्यांच्या असतात आणि त्यांचा कप आपल्या चहाच्या कपाशी जुळत नाही. त्यांच्यावर उंचावरच्या गावांसाठी वेगळी सूचनाही असते. ती साधारण साडेतीन हजार फुटांच्या वरच्या ठिकाणांसाठी आहे. पुणे साधारण ५६० मीटरवर, म्हणजे अठराशे फुटांच्या आसपास, त्यामुळे आपल्याला ती लागू नाही. हाच केक महाबळेश्वरला करायचा असता तर विचार करावा लागला असता.

पंचवीस माणसांसाठी साधारण अर्ध्या किलोची दोन पाकिटं लागतील. एका पाकिटातून तेल-पाणी धरून पाऊण किलोच्या आसपास केक निघतो. दोन्हींचा मिळून दीड किलो, म्हणजे प्रत्येकी साठ ग्रॅम. वर चॉकलेटचा थर असल्यावर पाच वर्षांच्या मुलाला तेवढा पुरून उरतो. तिसरं पाकीट आणा, ते चाचणीसाठी. आदल्या रविवारी, त्याच भांड्यात, त्याच ओटीजीत एक केक करून बघा. माझं ऐकून बाकी काही नाही केलंत तरी चालेल, हे एवढं कराच.

आता काय घालायचं ते. इनोपासून सुरुवात करते, कारण त्याने सगळ्यात जास्त नुकसान होतं. पाकिटात सोडा आणि आम्ल मोजून घातलेलं असतं. वरून इनो किंवा सोडा टाकलात की हवा जास्त होते, केक ओटीजीत भराभर वर येतो आणि त्याच्या भिंती घट्ट व्हायच्या आतच मध्ये खचतो. जिभेवर साबणासारखी चव राहते ती वेगळीच. इनो अजिबात नको.

तेलाऐवजी बटरही नको, निदान या केकला. बटर गार झालं की घट्ट होतं. मे महिन्यात तुमचा केक फ्रिजमध्ये राहणार, आणि बटरचा केक फ्रिजमधून निघाला की कडक लागतो. तेलाचा तसाच मऊ राहतो. शिवाय बटरमध्ये सोळा टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, म्हणजे मापही बदलतं. सूर्यफुलाचं रिफाइंड तेल वापरा. शेंगदाण्याच्या घाण्याच्या तेलाला स्वतःचा वास असतो, तो चॉकलेटवर चढतो.

सांगितलेल्या पाण्यापैकी अर्धं पाणी काढून तेवढंच दूध घाला. केकला भरीव चव येते. दूध फ्रिजमधलं थेट ओतू नका, बाहेर ठेवून साधं होऊ द्या. उरलेलं पाणी कोमट करून त्यात अर्धा चमचा इन्स्टंट कॉफी विरघळवा. कॉफीची चव येत नाही, कोकोची मात्र गडद होते. एवढी कॉफी पूर्ण केकात वाटली जाते, तेव्हा लहान मुलांच्या दृष्टीने काळजीचं कारण नाही. दोन मोठे चमचे दही घालायला माझी हरकत नाही. ताजं, घट्ट, आंबट न झालेलं घ्या, फेटून घ्या आणि तेवढंच दूध कमी करा. त्याने एगलेस केकला मऊपणा येतो. पण व्हिडिओत दाखवतात तसं वाटीभर दही घातलंत तर जास्तीचं आम्ल सोड्याला भांड्यातच संपवून टाकेल आणि ओटीजीत फुगायला काही उरणार नाही. शेवटी एक चमचा व्हॅनिला. पाकिटातला स्वाद एकसुरी असतो, व्हॅनिलाने तो गोलाईला येतो. बस. दूध, कॉफी, दही, व्हॅनिला, याच्यापुढे जाऊ नका. अक्रोड, चॉकलेटचे तुकडे वगैरे पातळ मिश्रणात तळाला जाऊन बसतात, आणि तुमचे थर कापायचेत.

मिश्रण करताना आधी ओटीजी तापत ठेवा, भांड्याला तेल लावून तळाशी बटर पेपर घाला, आणि मगच पाकीट उघडा. पावडर चाळून घ्या. ओले पदार्थ वेगळ्या भांड्यात एकत्र करून त्यात पावडर दोनदा-तीनदा मिळवत जा. साधा विस्क पुरतो. मिक्सरच्या भांड्यात फिरवू नका, मैद्याला ताण येतो आणि केक रबरासारखा होतो. बारीक गुठळ्या राहिल्या तर राहू द्या, भट्टीत जिरतात. एकजीव झालं की लगेच भांड्यात ओता आणि आत सरकवा. कालवून झालेलं मिश्रण थांबवून ठेवायचं नसतं, ओलं झाल्याबरोबर सोड्याचं काम सुरू होतं. म्हणून दोन्ही पाकिटं एकदम कालवू नका. पहिला केक बाहेर आला की मगच दुसरं पाकीट.

आच. तुमचा ओटीजी छोटा आहे, म्हणजे वरचा रॉड केकच्या अगदी डोक्यावर येणार. १७० अंशांवर, खालचा-वरचा दोन्ही रॉड चालू ठेवून पंधरा मिनिटं रिकामा तापवा. केक ठेवताना जाळी मधल्या खाचेत. भांडं आठ इंची चौकोनी घ्या आणि मिश्रण अर्ध्याच्या वर भरू नका. पंचवीस मिनिटं दार उघडायचं नाही, नातेवाईक वास घेत आले तरी नाही. त्यानंतर वर रंग जास्त चढलेला दिसला तर फॉइलचा तुकडा सैल टाका आणि पुढे भाजू द्या. तीस ते चाळीस मिनिटांत होईल. मधोमध सुरी घालून बघा. ओलं मिश्रण चिकटलं तर अजून पाच मिनिटं, दोन-चार ओलसर कण लागले तर झाला. सुरी अगदी कोरडी निघेपर्यंत थांबलात तर कडा कोरड्या झालेल्या असतील. छोट्या ओटीजीच्या बटणावरचे आकडे आणि आतलं तापमान यांत बऱ्याचदा फरक असतो. रविवारची चाचणी त्याचसाठी. त्या दिवशी कागदावर लिहून ठेवा, किती वर किती वेळ.

आणि हे सगळं बुधवारी रात्री करा. गुरुवार हा आपल्याकडे महावितरणच्या दुरुस्तीचा वार, सकाळी लाइट गेली की कधी येईल याचा भरवसा नाही. शिवाय रात्रभर मुरलेला केक जास्त चांगला कापला जातो. भांड्यात दहा-पंधरा मिनिटं, मग जाळीवर उलटा, पूर्ण गार झाला की प्लास्टिकच्या फिल्ममध्ये घट्ट गुंडाळून ठेवा. कोमट असताना गुंडाळलात तर आत पाणी धरेल. बुधवारीच लाइट गेली तर जाड बुडाचं जुनं पातेलं किंवा कढई, तळाशी मीठ, त्यावर स्टँड, घट्ट झाकण, दहा मिनिटं तापवून मग अगदी मंद गॅसवर पाऊण तास. पाणी घालायचं नाही. कुकर वापरायचा झाला तर शिटी आणि रिंग दोन्ही काढून.

आता बस. दोन्ही चौकोनी केक मधोमध कापा, म्हणजे आठ इंच लांब आणि चार इंच रुंद असे चार तुकडे होतील. वरचे फुगीर भाग सुरीने सपाट करा. तीन तुकडे एकावर एक रचले की बसचा सांगाडा तयार. चौथा तुकडा आणि कापलेले भाग वेगळ्या ताटात कापून ठेवा, पंधरा मुलं एकदम पुढे आल्यावर ते कामी येतात. प्रत्येक थरावर तीन-चार चमचे गार दूध शिंपडा. दुधात चमचाभर कोको आणि चवीपुरती साखर.

वरून क्रीम नको. अमूलच्या साध्या फ्रेश क्रीममध्ये पंचवीस टक्के स्निग्धांश असतो, ती फेटून उभी राहत नाही. फेटायची क्रीम वेगळी मिळते, पण एसी नसलेल्या हॉलमध्ये मे महिन्याच्या संध्याकाळी तिचा टिकाव लागणं कठीण. गनाश करा, म्हणजे चॉकलेट आणि गरम क्रीम ढवळून केलेला थर. ४०० ग्रॅम डार्क कंपाउंड चॉकलेट बारीक चिरा. २०० मिलि फ्रेश क्रीम कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवून त्यावर ओता, दोन मिनिटं हलवू नका, मग मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला ढवळत जा. सुरुवातीला फाटल्यासारखं दिसेल, घाबरू नका, ढवळत राहा, चकाकी येते. कंपाउंडमध्ये कोको बटरऐवजी वनस्पती तेल असतं, चव थोडी कमी, पण उन्हाळ्यात ते निभावतं. थंड होऊन पीनट बटरइतकं घट्ट झालं की थरांमध्ये आणि बाहेर लावा. आधी एक पातळ हात देऊन वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे सुटलेले कण त्यात अडकतात. मग दुसरा हात.

लाल रंग कालवायला जाऊ नका. लाल यायला रंग इतका लागतो की कडू होतं, आणि कमी घातलात तर गुलाबी बस होते. रविवार पेठेत केकच्या सामानाची दुकानं आहेत, तिथे तयार लाल फॉन्डंट, म्हणजे लाटता येणारा साखरेचा गोळा, मिळतो. थोड्या कॉर्नफ्लोअरवर पातळ लाटून दीड-दोन इंची पट्ट्या कापा आणि चारी बाजूंनी खालच्या अंगाला लावा. फॉन्डंटला फ्रिजमध्ये घाम सुटतो, म्हणून पट्ट्या सकाळी कापून बटर पेपरमध्ये झाकून ठेवा आणि केक बाहेर काढून अर्धा तास झाला, वरची ओल गेली, की मग चिकटवा. खिडक्यांना ग्लुकोज बिस्किटं, चाकांना क्रीमची गोल काळी बिस्किटं, दिव्यांना जेम्सच्या पिवळ्या गोळ्या. बिस्किटं आधी लावलीत तर मऊ पडतात, त्यामुळे तीही शेवटीच. खिडक्या लेकीलाच लावू द्या, वाकड्या बसल्या तरी सरळ करू नका. समोरची ‘वारजे माळवाडी ते मनपा’ ही पाटी बुधवारी रात्री तिच्या आईकडून पुठ्ठ्यावर लिहून घ्या. दिवसभर ती ड्यूटीवर असेल, पण केकवर तिचं अक्षर असेल.

येणाऱ्या मुलांच्या घरी एकदा विचारून घ्या, कुणाला दूध, गहू, सोया किंवा दाण्यांची ॲलर्जी आहे का. पाकिटावर आणि चॉकलेटवर ते लिहिलेलं असतं, दोन्ही रिकामी पाकिटं केक संपेपर्यंत टाकू नका.

कापताना लांब सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून घ्या, प्रत्येक कापाला. उरला तर बंद डब्यात फ्रिजमध्ये दोन दिवस चांगला राहतो. रविवारची चाचणी झाली की मला कळवा. केक मध्ये खचला तर भांड्याचं माप, ओटीजीचा आकडा आणि किती मिनिटं ठेवला, एवढ्या तीन गोष्टी लिहा. गुरुवारच्या आत उत्तर पाठवते.

तुमची ताई